पाच पौंडांची गोष्ट

मार्च महिना आला की आमच्या बचत गटात कागदांची लगबग सुरू होते. कुणाचं पासबुक भरायचं असतं, कुणाच्या हप्त्याचा हिशेब लागत नसतो. दोन वर्षांपूर्वी याच गडबडीत आमच्या गटातल्या एका ताईंचा मसाल्याचा परवाना हातचा गेला. फी होती काही शे रुपयांची. पण त्याच आठवड्यात घरात तापाचं आजारपण निघालं, डब्यातले पैसे औषधाला गेले आणि मुदत टळली. मग नवीन अर्ज, नवे फोटो, नव्या चकरा. त्या काळात आलेली लग्नाची मोठी ऑर्डर दुसरीकडे गेली ती गेलीच. त्या दिवशी ताई मला एवढंच म्हणाल्या, की मोठ्या रकमेसाठी कुणी अडत नाही हो, अडतं ते असल्या चिल्लरपायी.

त्यांचं ते बोलणं मनात असतानाच माझ्या वाचनात एका इंग्रज माणसाचं चरित्र आलं. फ्रँक व्हिटल त्याचं नाव. पंखा नसलेलं, नुसत्या गरम वाऱ्याच्या झोतावर उडणारं जेट विमान ज्या मोजक्या लोकांमुळे जगाला मिळालं, त्यांतला हा एक. मी कला शाखेची, यंत्रांशी माझा संबंध मिक्सर आणि शिलाई मशीनपुरता. तरी हे चरित्र मी दोनदा वाचलं, कारण त्याच्या आयुष्यातही अशीच एक फी आहे. पाच पौंडांची.

मैत्रिणींनो, ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात. फ्रँकचा जन्म १ जून १९०७ चा. वडील मोझेस हे हाताचे कसबी मेकॅनिक. फ्रँक नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब जवळच्या लेमिंग्टन गावी गेलं. तिथे वडिलांनी इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन रिंगा बनवण्याचा छोटासा कारखाना घेतला. शाळा सुटली की पोरगा कारखान्यात. लेथ चालवायचा, भाग घासून द्यायचा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढची शाळा झाली. धंदा मात्र सारखा वर-खाली व्हायचा, त्यामुळे घरातली ओढाताण त्याने लहानपणीच पाहिली. शाळेच्या अभ्यासापेक्षा वाचनालयात बसून यंत्रांवरची पुस्तकं वाचण्यात तो जास्त रमायचा.

पंधराव्या वर्षी त्याने ठरवलं की हवाई दलात शिकाऊ कामगार म्हणून जायचं. लेखी परीक्षा तो पास झाला, पण डॉक्टरांनी नापास केलं. उंची जेमतेम पाच फूट, छाती अरुंद. आपल्याकडे अशा वेळी आई पोराला जवळ घेऊन म्हणते, जाऊ दे बाळा, तुझ्या नशिबात नव्हतं. फ्रँकने मात्र एका व्यायाम शिक्षकाकडून आहार आणि व्यायामाचा तक्ता घेतला आणि तो नेमाने पाळला. काही महिन्यांत उंची तीन इंचांनी वाढली, छातीही भरली. पुन्हा गेला, तर एकदा नाकारलेला उमेदवार आम्ही परत घेत नाही असं सांगून परत पाठवला. तरीही त्याने नव्याने अर्ज केला, सगळ्या परीक्षा पहिल्यापासून दिल्या आणि १९२३ साली क्रॅनवेलच्या तळावर दाखल झाला. तीन वर्षांनी हुशार शिकाऊ मुलांतून निवड होऊन तो अधिकारी आणि वैमानिक होण्यासाठी तिथल्याच कॉलेजात गेला. कामगार म्हणून आलेल्या मुलाला हे भाग्य क्वचितच मिळायचं.

कॉलेजात प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागे. १९२८ साली एकवीस वर्षांच्या फ्रँकने विषय घेतला पुढच्या काळातल्या विमानांचा. तेव्हा हवाई दलाची लढाऊ विमानं तासाला साधारण २४० किलोमीटर वेगाने उडत. याने मांडलं की तासाला ८०० किलोमीटर गाठता येतील, पण त्यासाठी खूप उंच, विरळ हवेत उडायला हवं. हवा विरळ, म्हणजे विमानाला अडवणारं कमी. अडचण अशी होती की त्या उंचीवर नेहमीच्या इंजिनाचा श्वास कोंडतो आणि नाकावरच्या पंख्याला कापायला हवाच पुरत नाही. म्हणजे जिथे वेग मिळणार, तिथेच इंजिन लंगडं पडणार.

यावरचा उपाय त्याला पुढच्या वर्षी सुचला. तो मला समजला तसा सांगते. चुलीपुढे बसून फुंकणी मारलेल्या बायकांना तो लगेच कळेल. जास्त वारा आत गेला की जाळ भडकतो, एवढं आपल्याला ठाऊक आहे. व्हिटलच्या इंजिनात पुढच्या बाजूला वेगाने फिरणारी एक चाकासारखी चकती असते. ती बाहेरची हवा आत ओढून दाबते. दाबलेली हवा एका बंद भट्टीत जाते, तिथे रॉकेलसारखं इंधन सतत जळत असतं. तापून फुगलेला वायू मागच्या तोंडातून जोराने बाहेर पडतो. तोंड न बांधलेला फुगा सोडला की हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो, तसं विमान पुढे पळतं. खरी गंमत पुढे आहे. हा गरम वायू बाहेर पडता पडता पात्यांचं एक चक्र फिरवून जातो. त्यालाच टर्बाइन म्हणतात. ते चक्र एका दांड्याने पुढच्या चकतीला जोडलेलं असतं. म्हणजे जाळच स्वतःची फुंकणी मारत राहतो. वेगळं इंजिन नको, पंखा नको.

कल्पना ऐकायला सोपी आहे, पण तिला उभं करायचं तर लालभडक तापूनही न वितळणारी, न ताणली जाणारी धातूची पाती हवीत. १९२९ साली हवाई मंत्रालयातल्या तज्ज्ञांनी त्याचे कागद पाहिले, हिशेबात एक चूक काढली आणि हे व्यवहारात येणारं नाही असं कळवलं. एका अधिकारी मित्राला पेटंटच्या कामाची माहिती होती. त्याच्या मदतीने व्हिटलने जानेवारी १९३० मध्ये स्वतःच पेटंटचा अर्ज केला. सरकारला त्यात रस नव्हता, म्हणून ते गुप्तही ठेवलं गेलं नाही. मंजूर झाल्यावर ते जगात कुणालाही वाचायला मोकळं होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात त्याचं डोरोथी ली हिच्याशी लग्न झालं. १९३१ मध्ये डेव्हिड आणि १९३४ मध्ये इयान, अशी दोन मुलं झाली. नोकरी हवाई दलाची, आज इथे तर उद्या तिथे. इंजिनाबद्दल कंपन्यांना पत्रं जात, नकार येत. इकडे हवाई दलाने त्याची हुशारी पाहून त्याला केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला पाठवलं. शिकणारा नवरा, पदरात दोन लहान मुलं आणि ठराविक पगार. तो संसार कसा चालला असेल हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आणि जानेवारी १९३५ मध्ये पेटंट चालू ठेवण्याची फी भरायची वेळ आली. पाच पौंड.

मंत्रालयाने ती भरायला नकार दिला. व्हिटलला ती परवडत नव्हती. पेटंट बाद झालं. पुढे ज्या यंत्रावर देशोदेशींचे कारखाने चालले, त्याचा पहिला हक्काचा कागद एवढ्याशा रकमेपायी गेला. इथे मी पुस्तक मिटलं आणि मला आमच्या मसालेवाल्या ताई आठवल्या.

पण गोष्ट इथे संपली नाही, याचं कारण एक पत्र. त्याच वर्षी मे महिन्यात क्रॅनवेलच्या एका जुन्या मित्राने, डडली-विल्यम्सने, लिहून विचारलं की तुझ्या त्या इंजिनाचं काय झालं? तो आणि त्याचा भागीदार टिनलिंग असे दोघे मिळून खटपटीला लागले. पैसे घालणारी एक संस्था सापडली आणि मार्च १९३६ मध्ये पॉवर जेट्स नावाची कंपनी निघाली. सुरुवातीला हाती आले दोन हजार पौंड. इंजिनाच्या कामाच्या मानाने हे भांडवल म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. व्हिटलने सुधारणांची नवी पेटंटं घेतली. हवाई दलाने त्याला या कामाची परवानगी दिली ती आठवड्याला सहा तासांची! त्यातच केंब्रिजची परीक्षा होती, तीही तो पहिल्या वर्गात पास झाला.

१२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी गावातल्या कारखान्यात त्याचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. सुरू झालं आणि आवरेना. इंधन बंद केलं तरी त्याचा वेग वाढतच चालला, किंचाळी चढत गेली. आत गळून साठलेलं इंधन पेटलं होतं. जमलेली माणसं वाट फुटेल तिकडे पळाली, व्हिटल एकटा नियंत्रणापाशी उभा राहिला. थोड्या वेळाने इंजिन आपसूक शांत झालं. पुढची दोन वर्षं असंच चाललं. पाती तुटायची, भट्टी नीट जळायची नाही. पैसे संपले की तेच भाग काढून, जोडून पुन्हा वापरायचे. १९३८ मध्ये धोका नको म्हणून हे काम लटरवर्थ गावातल्या एका पडक्या ओतशाळेत हलवण्यात आलं.

जून १९३९ मध्ये मंत्रालयातला मोठा अधिकारी येऊन इंजिन वीस मिनिटं नीट चालताना पाहून गेला, तेव्हा कुठे सरकारचं मत फिरलं. विमानात बसवण्याजोगं इंजिन करायची ऑर्डर मिळाली आणि विमान बांधायचं काम ग्लॉस्टर कंपनीकडे गेलं. पण तोवर उशीर झालाच होता. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन नावाचा तरुण शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे याच वाटेवर होता. त्याच्या पाठीशी हाइन्केल हा विमानांचा मोठा कारखानदार पैसा आणि माणसं घेऊन उभा होता. २७ ऑगस्ट १९३९ रोजी जगातलं पहिलं जेट विमान उडालं ते जर्मनीत. आठवडाभरात दुसरं महायुद्ध सुरू झालं.

इंग्लंडचं पहिलं जेट उडायला त्यानंतर दीड वर्षाहून जास्त काळ गेला. ग्लॉस्टरच्या जॉर्ज कार्टरने त्याचा आराखडा केला. विमान छोटंसं. नाकाच्या जागी हवा आत घेणारं गोल तोंड, हवा वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणार, त्याच्या पाठीमागे इंजिन आणि शेपटीतून झोत बाहेर. पंखा नसल्याने जमिनीपासून उंच ठेवायचं कारण नव्हतं, म्हणून चाकांचे पाय आखूड. १५ मे १९४१ च्या संध्याकाळी क्रॅनवेलच्याच धावपट्टीवरून हे विमान उठलं आणि सतरा मिनिटं उडून सुखरूप उतरलं. जिथे सोळा वर्षांचा शिकाऊ पोर म्हणून तो आला होता, जिथे बसून त्याने तो प्रबंध लिहिला होता, तिथेच!

पहिल्या इंजिनाचा रेटा जेमतेम ३९० किलोंचा होता. लढाऊ विमानाला तोफा, दारूगोळा, जास्तीचं इंधन वाहून न्यायचं असतं. एका इंजिनाला ते पेलणार नाही, म्हणून कार्टरने पुढच्या विमानाला दोन्ही पंखांत एकेक इंजिन दिलं. हेच ते मीटिअर. मार्च १९४३ मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेव्हा व्हिटलच्या आराखड्यावरची इंजिनं तयार नव्हती, दुसऱ्या कंपनीची बसवावी लागली. इंजिन बनवायला दिलेल्या मोटार कंपनीशी व्हिटलचं पटेना, वर्ष-दीड वर्ष त्या भांडणातच गेलं. शेवटी रोल्स-रॉइसने काम हाती घेतलं आणि त्याला वेग आला. जुलै १९४४ मध्ये मीटिअर हवाई दलात दाखल झालं. तेव्हा लंडनवर जर्मनांचे बिनमाणसांचे उडते बॉम्ब पडत होते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी एका मीटिअरच्या वैमानिकाने तोफा अडकल्यावर आपला पंख अशा बॉम्बच्या पंखाखाली नेऊन तो कलंडवला आणि शहराबाहेर पाडला. जर्मनीचं मेसरश्मिट २६२ हे जेट याहून बरंच वेगवान होतं, पण तिथे चांगल्या धातूंची टंचाई. त्यांची इंजिनं काही तासांतच कामातून जात.

आता त्या यशाच्या मागची बाजू. या वर्षांत व्हिटल दिवसाला तीन-तीन पाकिटं सिगरेट ओढायचा. दिवसा जागं राहायला उत्तेजक गोळ्या, रात्री झोपायला दुसऱ्या गोळ्या. वजन ५७-५८ किलोंवर आलं. डिसेंबर १९४० मध्ये मन आणि शरीर दोन्ही कोलमडलं, महिनाभर काम सोडावं लागलं. नंतरही त्याला पुन्हा पुन्हा रुग्णालय गाठावं लागलं.

हे वाचताना माझी नजर डोरोथीकडे जात होती. काम गुप्त. १९४४ च्या जानेवारीपर्यंत सरकारने त्याची वाच्यताही केली नव्हती. म्हणजे नवरा का खंगतोय हे शेजारणीला सांगायची सोय नाही. तिने दोन मुलं वाढवली, लढाईतलं रेशन सांभाळलं. विमान उडालं तेव्हा छायाचित्रात ती नव्हती. पुढे १९७६ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. दोष कुणाला द्यायचा? मला वाटतं, पाच पौंडांची खरी किंमत या घराने मोजली. ज्या कामाला एका देशाने वेळेवर खांदा द्यायचा, ते एका माणसाच्या आणि त्याच्या बायकोच्या खांद्यावर सोडलं, की खांदे मोडणारच.

पैशाच्या बाबतीतही तसंच. लोकांच्या पैशातून झालेलं काम लोकांचं असावं असं त्याचं मत होतं, म्हणून आपले शेअर त्याने आपणहून सरकारला देऊ केले. १९४४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि त्याच्या हाती आले १०,००० पौंड. पुढे या कंपनीला इंजिनं बनवायचीच मनाई झाली, तेव्हा १९४६ च्या सुरुवातीला तो बाहेर पडला आणि त्याचे साथीदार इंजिनिअरही पाठोपाठ निघाले. १९४८ मध्ये सरकारने त्याला एक लाख पौंडांचं बक्षीस आणि सर ही पदवी दिली. त्याच वर्षी प्रकृतीमुळे तो हवाई दलातून निवृत्त झाला. वय होतं एक्केचाळीस.

योगायोग बघा, त्याच १९४८ सालच्या नोव्हेंबरमध्ये आपल्या भारतीय हवाई दलात पहिली जेट विमानं आली. व्हॅम्पायर त्यांचं नाव. त्यांचं इंजिन व्हिटलच्याच पद्धतीवर, दुसऱ्या एका इंग्रज इंजिनिअरने बनवलेलं. नंतर ही विमानं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये तयार होऊ लागली. जेटची घरघर ऐकून अंगणात धावत येऊन वर बघणारी पहिली पिढी आपल्या आई-आजींची. आजच्या प्रवासी विमानांची इंजिनं पुष्कळ बदलली आहेत, पण हवा दाबा, जाळा, चक्र फिरवा आणि मागे सोडा, हा धडा तोच आहे.

शेवट मात्र मला आवडला. १९६६ मध्ये अमेरिकेत एका सन्मानाच्या निमित्ताने व्हिटल आणि फॉन ओहाइन समोरासमोर आले. युद्धात एकमेकांविरुद्ध असलेल्या देशांची ही दोन माणसं पुढे चांगले मित्र झाली. १९९१ मध्ये दोघांना मिळून इंजिनिअरिंगमधला मोठा ड्रेपर पुरस्कार मिळाला. व्हिटलने दुसरं लग्न करून अमेरिकेत घर केलं होतं, तिथेच ऑगस्ट १९९६ मध्ये तो गेला. त्याची रक्षा मात्र परत आणली ती क्रॅनवेलच्या चर्चमध्ये.

चिकाटी ठेवा, यश मिळेल, असं या चरित्राचं सार कुणी काढेल. तेही खोटं नाही. पण चिकाटी व्हिटलकडे १९३५ मध्येही होती, तरी पेटंट गेलंच. त्याला वाचवलं ते मित्राच्या पत्राने. कुणीतरी आपणहून विचारलं, तुझ्या त्या कामाचं काय झालं?

आम्ही आता गटात एक नवी वही घातली आहे. कुणाचा परवाना, कुणाचा विमा, कुणाच्या मुलीची परीक्षा फी, सगळ्यांच्या तारखा त्यात. मुदतीच्या महिनाभर आधी त्या ताईच्या घरी जाऊन कुणीतरी विचारायचं आणि कमी पडत असतील तर गटातून तेवढे पैसे द्यायचे, असं ठरलंय. वहीच्या पहिल्या पानावर पहिली तारीख आमच्या मसालेवाल्या ताईंची आहे.